क्रेनखाली उभ्या माणसाचं नाव

वैशे, इकडं ये. जवळ बस जरा. तू पुण्यात आणि मी इंदापुरात, तरी मी तसंच म्हणणार, कारण लांबून ओरडून सांगायची ही गोष्ट नाही आणि माझा आवाजही आता पोचत नाही. परवा संध्याकाळी फोन केलास. मला वाटलं, आत्याची आठवण झाली. तर तू म्हणालीस, "आत्या, तुमचे ते बिरूतात्या क्रेनचे ब्रेक कसे निवडायचे गं? पटकन सांग, पुढच्या आठवड्यात मला एका ब्रेकवर सही करायची आहे." पटकन म्हणे. जेवलीस का, एवढं मी विचारेपर्यंत तुझा दुसरा फोन वाजला आणि तू ठेवूनही दिलास. इंजिनियर झालीस, चांगलं झालं, पण माणसाला असं विचारतात का? एका माणसाचं आयुष्य ज्यात गेलं ते मी तुला भाजीत काय घातलं सांगावं तसं सांगू?

म्हणून वही घेऊन बसले आहे. बोटं आखडतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे, चार ओळी झाल्या की मान दुखते. थांबत थांबत लिहिलंय. तूही थांबत थांबत वाच.

आमचे हे गेले तेव्हा वालचंदनगरचं क्वार्टर सोडावं लागलं, हे तुला ठाऊक आहे. पदरात दोन मुलं आणि शिक्षण सातवी. कुणाच्या तरी ओळखीनं बारामती एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये लागले. तिथं क्रेना बनायच्या. साखर कारखान्यांच्या यार्डात ट्रेलरमधून साखळीनं बांधलेल्या उसाच्या मोठाल्या मोळ्या उचलून घेतात त्या, शेडमध्ये लोखंड उचलतात त्या. माझं काम खिडकीत बसून नट-बोल्ट, बेअरिंग, तेलाचे डबे मोजून द्यायचं. पहिल्या आठवड्यातच एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस खिडकीशी आला. निळा डगला, बाह्या मनगटापर्यंत. खिडकीवर हात ठेवला तेव्हा मी दचकले. उजव्या हाताच्या मागच्या बाजूची कातडी गुळगुळीत, चकाकणारी, एक केस नाही.

"शकुबाई, विंग्रजी येतं का?"

"अक्षरं लावता येतात."

"मग झालं. मला आकडं येत्यात. तुमी अक्षरं लावा, मी आकडं लावतो."

हे बिरूतात्या. कळसचे. घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं होती, बापापर्यंत. तात्या चौथीत शाळा सोडून एका गॅरेजात गेले, तिथून फिरत फिरत या वर्कशॉपात. ब्रेकचा सगळा कारभार त्यांच्याकडं. कुठल्या क्रेनला कुठला ब्रेक, हे ठरवायचं त्यांनी, बसवायचा त्यांनी, आणि तपासून कागदावर सहीही त्यांचीच. त्या सहीशिवाय क्रेन गेटबाहेर जात नसे. पण ब्रेकची पुस्तकं सगळी इंग्रजीत. मग जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी एकेक अक्षर लावून वाचायची, अर्थ मलाही कळायचा नाही, आणि तात्या भाकरीचा घास हातात धरून ऐकायचे. "परत वाचा," म्हणायचे. चौथ्यांदा वाचलं की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. म्हणजे कळलं. मग ते मला समजावून सांगायचे. मी वाचलेलं मला तेच सांगायचे, बघ. असं माझं शिक्षण झालं.

तुमच्या पुस्तकात आणखी पुष्कळ असेल, पण त्यांनी सांगितलेलं मी विसरले नाही. "ह्यो तेलाचा ब्रेक मुळात मिटलेलाच अस्तो, शकुबाई. स्प्रिंगनं ड्रम दाबून धरलेला. जोर लागतो त्यो सोडायला. वीज आली की तेलाला दाब येतो, तेल दट्ट्या वर ढकलतं आन ब्रेक उघडतो. वीज गेली, तेल बसलं, की आपसूक धरतो. कुनी बटन दाबायची वाट बघत न्हाय. म्हनून त्येच्यावर इसवास टाकायचा." आणि लगेच म्हणायचे, "पन डोळं झाकून न्हाय."

क्रेनला ब्रेक बसवून घ्यायला येणाऱ्या साहेबांना तात्यांचा त्रास व्हायचा. साहेब यायचे, म्हणायचे, अमुक टनाची क्रेन, ब्रेक द्या. तात्या विचारायचे, तासाला किती वेळा थांबती? धूळ कसली, भुश्श्याची का शिमिटाची? उन्हात उभी का पत्र्याखाली? तुमच्याकडं वीज जाती का, किती वेळा जाती? चालवनारा तापट हाय का गार? एका परचेस साहेबांनी कंटाळून म्हटलं, "तात्या, ब्रेक घ्यायचाय, सोयरीक जमवायची नाही." तात्या गंभीरपणानं म्हणाले, "सोयरीक परवडली साहेब. मोडली तर चार पंच बसवता येत्यात."

आणखी एक खोड. लोड वर टांगलेला असेल तर हा माणूस बसायचा नाही. चहाही घ्यायचा नाही. चाचणीला लोखंडाचे ठोकळे उचलून तासभर टांगून ठेवायचे, तेवढा वेळ बाकीचे विड्या ओढून यायचे, तात्या खांबाला टेकायचेही नाहीत. मग स्वतः मेन स्विच पाडायचे. खटका वाजायचा, सगळं शांत व्हायचं, आणि ते वर चढून ड्रमला हाताची मागची बाजू लावायचे. लेकराच्या कपाळाला लावतो तशी. पुढची बाजू का नाही, विचारलं मी. "तळहात निबर झालाय. त्यो खोटं सांगतो." म्हणून ती कातडी तशी झालेली.

आता जे सांगते ते तात्यांनी मला कधी बसून सांगितलं नाही. मी तिथंच होते, म्हणून माहीत.

यार्डाच्या क्रेनला दोन ठिकाणी ब्रेक असतात. एक मोळी उचलायचा, एक क्रेन पुढं-मागं चालायचा. उचलायचा ब्रेक घट्ट हवा, हे कुणालाही कळतं. चालायचा कसा हवा? एका कारखान्याच्या क्रेनला चालायचा ब्रेकही तात्यांनी एक माप मोठा घेतला. वर्कशॉपचे शेठ म्हणाले होते, कशाला, धाकटा पुरे. तात्यांनीच हट्ट केला. जास्त धरलेलं बरं, कमी नको. मीच तो ब्रेक स्टोअरमधून काढून दिला. शेडमध्ये चाचणी झाली, क्रेन जागच्या जागी उभी राहिली, सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण आमच्या शेडची उंची ती केवढी. लोड टांगला तर वरून दोन-तीन हात दोर सुटायचा. यार्डात क्रेन उंच, दोर लांब. तिथं ऑपरेटरनं चालती क्रेन थांबवली, ब्रेकनं गच्चकन धरलं, क्रेन थांबली आणि मोळी थांबली नाही. लांब दोरावर झोका घेऊन पुढं गेली. ट्रेलरपाशी साखळी सोडायला हणमंत नावाचा माणूस उभा होता. मोळी आणि ट्रेलर यांच्यामध्ये त्याचा डावा पाय सापडला.

जीव वाचला. पाय गुडघ्यातून वाकायचा बंद झाला.

चौकशी झाली. कागद बरोबर, ब्रेक बरोबर, चाचणी बरोबर. कुणाची चूक नाही असं ठरलं. तात्या त्या यार्डात जाऊन स्वतः चालायचा ब्रेक बदलून आले. धाकट्या मापाचा, हळूहळू धरणारा. परत आल्यावर माझ्या खिडकीशी उभे राहिले. काढून आणलेला ब्रेक जमा केला. मग म्हणाले, "थांबवनं निराळं आन धरून ठेवनं निराळं, शकुबाई. मला ह्ये ठाव व्हतं. ठाव असून इसारलो."

पुढच्या क्रेनच्या चाचणीचा कागद आला तेव्हा त्यांनी मला सांगितलं, खाली पेन्शिलीनं एक ओळ मारा. काय लिहू? "खाली कोण उभं राहणार." आणि पुढं जागा सोडा. मला वाटलं, दुःखात आहे माणूस, चार दिवसांनी विसरेल. पण नाही. तेव्हापासून क्रेन जिथं जायची तिथं तात्या आधी जाऊन यायचे. तिथं लोडखाली कोण काम करतो ते विचारायचे, नाव घेऊन यायचे आणि मी ते पेन्शिलीनं लिहायची. कधी एक नाव, कधी तीन. ऑफिसात ते कुणी वाचत नव्हतं. नाव लिहिलं गेल्याशिवाय तात्या ब्रेकचं पुस्तक उघडायला लावायचे नाहीत. "आता वाचा," म्हणायचे, "आता कुनासाठी वाचायचं ते कळलं."

वय वाढलं तसे ते थकत गेले. तू पाहिलेस तेव्हा ते थकलेलेच होते. जिना चढताना मध्ये थांबायचे. मोटरसायकलवरून कळसहून यायचे, गाडी स्टँडला लावून तिच्याकडं बघत उभे राहायचे, जणू आता आत जायचं आहे याचंच ओझं झालंय. थोरल्या शेठनी कामातून अंग काढलं आणि त्यांचा मुलगा आला. त्याला सगळे धाकटे शेठ म्हणायचे. शिकलेला, कामाला वाघ, मनानं वाईट मुळीच नाही. कॉम्प्युटरवर भराभरा ब्रेक निवडायचा. तात्यांनी निवडायचं आता तसं राहिलं नव्हतं. बसवायचं, तपासायचं आणि सही करायची.

त्या वर्षी इंदापूरकडच्या एका कारखान्याची मोठी क्रेन होती. हंगाम सुरू करायला गव्हाणीत पहिली मोळी टाकायचा मुहूर्त ठरलेला, पाहुण्यांची नावं छापून झालेली, आणि क्रेन मुहूर्ताआधी उभी राहिलीच पाहिजे. उचलायचा ब्रेक धाकट्या शेठनी निवडला होता. तात्यांनी कागद बघितला. "तासाला थांबं किती लिवल्यात?" मी आकडा सांगितला. "कुनी दिला ह्यो आकडा?" कारखान्याच्या ऑफिसनं. तात्यांनी तो आकडा मला वहीत उतरवायला लावला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "शकुबाई, जरा संगं चला. लिवायला मानूस पायजे."

त्या कारखान्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, म्हणून आम्ही शेजारच्या, आधीच बॉयलर पेटलेल्या कारखान्याच्या यार्डात गेलो. तसलाच माल, तसलीच क्रेन, जुनी. तात्यांनी डगल्याच्या उजव्या खिशातून मूठभर खडे काढून मला दाखवले. नदीतले, गुळगुळीत. "आमचा बा वाघुरीच्या तोंडाशी बसायचा. मेंढरं जाळीच्या आत घेताना वीस झाली की एक खडा ह्या हातातनं त्या हातात. लिवता येत नव्हतं, पन कवा चुकला न्हाय." आणि मग क्रेन वीस वेळा थांबली की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. मी तासाला एक रेघ ओढत होते. दर तासाला डाव्या खिशात ऑफिसच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट खडे जात होते.

का, ते बसल्यावर दिसलं. मोळीतली साखळी अडकायची. ती सुटावी म्हणून ऑपरेटर मोळी जरा उचलायचा, थांबवायचा, सोडायचा, थांबवायचा, गोधडी झटकावी तसा. प्रत्येक झटक्याला ब्रेक उघडायचा आणि मिटायचा. मागं ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न वाजताहेत, तो तरी काय करणार. ऑफिसनं एका मोळीला दोन थांबे धरले होते. झटके कुणी मोजले नव्हते. इकडं सगळ्याच यार्डांत असं झटकतात, आणि सगळ्यांना ते इतकं सवयीचं की कुणाच्या सांगण्यातच येत नाही.

दुपारी क्रेन जेवणापुरती थांबली. तात्या वर चढून ड्रमला हात लावून आले. खाली उतरले तेव्हा हात झटकत होते. तेवढ्यात साखळ्या गोळा करणारा एकजण पाय ओढत आमच्याकडं आला.

"तात्या, वळखलं का?"

तात्यांनी आधी पायाकडं बघितलं. "वळखलं, हणमंतराव."

"तुमचा ब्रेक लई गुनाचा. गच्चकन धरतो. माझ्या पायाला इचारा."

शेजारची माणसं हसली. तात्या हसले नाहीत. "हितं कसं?"

"ऊस तोडायला वाकून बसता येईना. हितं उभ्यानं काम हाय. साखळी लावायची, साखळी सोडायची. पुढल्या महिन्यात पलीकडं जानार. तितं नवी क्रेन येनार हाय, लोक घ्यायलेत."

"क्रेनखालीच?"

"मग काय क्रेनच्या वर घर बांधू?" हणमंत म्हणाला. मग आमच्या वहीकडं, खड्यांकडं बघून त्याच्या लक्षात आलं. "ती तुमची हाय व्हय, नवी?"

"व्हय."

"मग बेतानं, तात्या. एकच ऱ्हायलाय."

येताना बसमध्ये तात्यांनी इंदापूरपासून बारामतीपर्यंत खडे परत परत मोजले. उतरताना म्हणाले, "नाव लिवा."

क्रेन तयार होती. चाचणी झाली, लोड टांगला, तात्यांनी मेन स्विच पाडला, एक सूतभर सरकला नाही. गेटवर न्यायला ट्रेलर येऊन उभा. आणि तात्या सही करेनात. धाकटे शेठ शेडमध्ये आले.

"तात्या, तुमच्या डोळ्यादेखत धरला ना लोड?"

"धरला."

"मग?"

"गार व्हता तवा. मोळ्या झटकून झटकून ड्रम तापनार, तापला की पकड ढिली पडनार. ह्या मापाला तेवढी धग सोसायची न्हाय. एक माप मोठा ड्रम पायजे, तेल ढकलनारा थ्रस्टर बी मोठा पायजे."

"थांबे त्यांच्याच कारखान्यानं दिलेत."

"त्येंच्या हापिसानं दिल्यात. यार्डानं न्हाय दिलं. यार्डात मी बसलो व्हतो." तात्यांनी दोन्ही खिसे टेबलावर रिकामे केले. खडे घरंगळले. त्यांनी बोटानं दोन ढीग केले. "एका तासाचं हाय ह्ये. ह्यो तुमचा कागद. आन ह्यो त्येच्या वरचा."

धाकट्या शेठना तीन दिवस झोप नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "मुहूर्त चार दिवसांवर आलाय आणि मी खड्यांवर क्रेन अडवू? उद्या मेंढरंच घेऊन या."

शेडमधलं ग्राइंडर बंद झालं. कुणी वर बघेना.

तात्या हळू म्हणाले, "मेंढरंच मोजत व्हता माझा बा. एक कमी भरलं तर जेवत नसायचा. परत रानात जायचा."

"मागं एकदा मोठा ब्रेक बसवून काय झालं ते आठवतं ना?" हे धाकट्या शेठनी म्हणायला नको होतं. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाही कळलं.

"आठवतं," तात्या म्हणाले. "त्यो चालायचा व्हता. ह्यो उचलायचा हाय. तवा बी मी खाली जाऊन इचारलं न्हाय, आन आता तुमी इचारलं न्हाय. एवढंच सारखं हाय."

"ठीक आहे. सही मी करतो." धाकट्या शेठनी कागद ओढला, पेन काढलं. सहीची जागा शोधता शोधता त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. माझं अक्षर. त्यांनी आधी कधी ते वाचलं नव्हतं. मोठ्यानं वाचलं, "खाली कोण उभं राहणार. हणमंत." मग वर बघितलं. "हा कोण?"

तात्या खाली बघून खडे गोळा करायला लागले. मी स्टोअरची बाई, शेठ लोकांच्या बोलण्यात मी कधी पडत नसे. पण मीच म्हणाले, "तोच. पायाचा. आता तुमच्या क्रेनखाली साखळी सोडायला लागणार आहे."

तो अपघात झाला तेव्हा धाकटे शेठ कॉलेजात होते, पण घरात ऐकलं असणारच. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दोन दिवस," म्हणाले. "तिसरा दिवस मागू नका." आणि फोन लावत बाहेर गेले. कारखान्याच्या साहेबांच्या शिव्या त्यांनीच खाल्ल्या, तेही खरं आहे. ते मी लिहिलंच पाहिजे.

दोन दिवसांत मोठा ब्रेक आला, खालची प्लेट बदलली, नवी भोकं पाडली. तात्यांनी लोड खाली-वर, खाली-वर, झटके देत देत ड्रम तापवला. यार्डात तापतो तसा तापवला. मग मेन स्विच पाडला. लोड थांबला. ते वर चढले, हात लावला आणि तसाच ठेवून उभे राहिले. चटका बसत होता, पण सोसवेल इतका. खाली येऊन सही केली. लोड जमिनीवर टेकवला. आणि मग वैशे, मी त्यांना पहिल्यांदा शेडमध्ये बसलेलं पाहिलं. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. कुणीतरी चहा आणून दिला. तो हातात गार झाला.

पुढच्या महिन्यात त्यांना घरी आराम करायला सांगितलं. प्रेमानंच सांगितलं, नारळ दिला, शाल दिली. तात्यांनी भांडण केलं नाही. माझ्या खिडकीशी आले, उरलेली पेन्शिल परत केली, म्हणाले, "तुमच्या नावावर हाय ही."

त्या क्रेनला पुढं काही झालं नाही. हंगामामागून हंगाम गेले. हणमंत आता सणासुदीला फोन करतो, त्याचा एक पाय चांगला आहे. मी स्टोअर सोडलं त्या दिवशी धाकटे शेठ मला म्हणाले, "मावशी, खरं सांगू? तो पहिला ब्रेकही चालला असता." मला राग आला. कळसला जाऊन मी तात्यांना सांगितलं, वाटलं ते तरी चिडतील.

"चालला बी असता," तात्या म्हणाले. "कुनाला ठाव."

"मग एवढा वाईटपणा कशाला घेतलात?"

"मला ठाव नव्हतं, म्हनून."

ते उत्तर मला तेव्हा थकलेल्या माणसाचं वाटलं. अजूनही वाटतं. पण दुसरं कुठलं उत्तर खरं असेल, ते मला सापडलेलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं तेही कळसलाच. सुनेनं जेवायला घातलं, तात्या दोनच घास जेवले. निघताना त्यांनी ती खड्यांची पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाले, "हितं कुनी मोजायचं ऱ्हायलं न्हाय." मला सोडायला फाट्यापर्यंत चालत आले, नको म्हटलं तरी. बारामतीहून येणारी एसटी आली. लोक चढत होते, मी पायरीवर पाय ठेवला आणि मागं बघितलं तर तात्या नाहीत. पुढच्या चाकापाशी वाकलेले. हाताची मागची बाजू चाकाच्या आतल्या बाजूला धरलेली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ओ आबा, काय सांडलं का? बाजूला व्हा."

"तापलंय," तात्या म्हणाले. "इंदापूरपतूर जाईल. उताराला दमानं घ्या. बाई हायत आमच्या आत."

ड्रायव्हर हसला, पण उताराला त्यानं गाडी खरंच दमानं घेतली. मी मागच्या काचेतून बघत होते. तात्या फाट्यावर उभे होते. लांब जाईपर्यंत उभेच. बसले नाहीत. त्या थंडीत ते गेले.

तर वैशे, तू विचारलंस ते एवढंच आहे, आणि ते पटकन सांगता येत नाही. तुझी क्रेन आमच्या बारामतीच्याच एमआयडीसीत जायची आहे म्हणालीस, लोखंडाचे रोल उचलायला. शेड तू पाहिलेली नाहीस, असंही म्हणालीस. फोनवर तेव्हाच बोलणार होते, पण तू ठेवलास. रोल कितीही जड असोत, ते तुझा कॉम्प्युटर सांगेल. तासाला किती थांबे, ते तिथं जाऊन बसल्याशिवाय तुला कुणी खरं सांगणार नाही. खोटं बोलतात म्हणून नव्हे. त्यांनाच माहीत नसतं.

खड्यांची पिशवी माझ्याकडं फडताळात आहे. ती घेऊन जा, मला आता उचलत नाही. सहीच्या आधी ये, नंतर नको. एमआयडीसीवरूनच रस्ता आहे, वाटेत उतर, त्या शेडमध्ये जा, आणि क्रेनखाली कोण उभं राहतं त्याचं नाव विचारून मग पुढं माझ्याकडं ये. पेन्शिल मी टोक करून ठेवली आहे. आणि जेवायलाच ये, नुसता चहा घेऊन पळू नको. लवकर ये.